घोटाचं माप

बाईंच्या हातात काहीही द्या, त्या ते लगेच खाली ठेवायच्या नाहीत. आधी तळहातावर घ्यायच्या, हात किंचित खालीवर करायच्या, डोळे बारीक करायच्या आणि देणाऱ्यालाच विचारायच्या, "किती असेल? आधी बोला, मग मोजू."

नारळ असो, पेढ्यांचा पुडा असो, इस्त्रीच्या कपड्यांचं गाठोडं असो. एकदा गल्लीतल्या एका बारशाला बाळ त्यांच्या मांडीवर आलं. बाकीच्या बायका नाक आजीचं की आत्याचं यावर बोलत होत्या. बाईंनी बाळाला दोन्ही हातांवर तोललं आणि म्हणाल्या, "साडेतीन किलो. थोडं वरच." बाळाची आत्या जरा तिखट होती. ती म्हणाली, "अहो बाई, लेकराचं वजन काय काढता, दृष्ट लागेल." बाई शांतपणे म्हणाल्या, "मग तुम्हीपण एक आकडा सांगा. दोघींची लागली तर फिट्टंफाट."

तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल. त्याचं कुणी फार मनावर घेत नाही, पण ते चार दिवस दिसलं नाही तर गल्ली अर्धवट वाटते. आमच्या सिडकोतल्या गल्लीत या बाई होत्या. महापालिकेच्या शाळेत त्यांची सगळी नोकरी झाली. नवरा लवकर गेला, मुलगी लग्न होऊन पुण्याला. कोपऱ्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहायच्या. त्यांचं नाव घराबाहेरच्या पाटीवर होतं, पण ते कुणी उच्चारल्याचं मी कधी ऐकलं नाही. बाई म्हणजे बाई.

पाथर्डी फाट्यावरच्या बाजारात त्यांचा कोबी घेण्याचा सोहळा मी अनेकदा पाहिला आहे. गड्डा उचलायचा, हात खालीवर करायचा. "आठशे." मग भाजीवाल्यानं काट्यावर ठेवायचा. आठशेवीस निघाले की बाईंचा चेहरा पडायचा. भाजीवाला म्हणायचा, "बाई, तुम्हीच काटा व्हा. मी बसतो बाजूला." मागे उभी असलेली माणसं पाय बदलत राहायची. बाईंना घाई हा प्रकारच माहीत नव्हता.

सगळं इतकं मोजूनमापून करणाऱ्या बाईंचा स्वयंपाक मात्र बेताचा होता, हे मला इथे सांगितलं पाहिजे. मीठ ग्रॅमवर, तेल मिलीलिटरवर, आणि पोहे तरी असे कोरडे की घशात अडकावेत. त्यांना ते ठाऊक होतं. "माप बरोबर आहे," त्या म्हणायच्या, "चव माझ्या विषयात नव्हती."

मापन हा त्यांचा विषय. तिसरी-चौथीच्या वर्गाला त्या लांबी, वजन आणि धारकता शिकवायच्या. किलो, हेक्टो, डेका, डेसी, सेंटी, मिली हा तक्ता आपण सगळ्यांनी पाठ केला आहे, आणि परीक्षा झाल्यावर विसरलोही आहे. बाई तक्त्यापर्यंत फार उशिरा यायच्या. आधी पोरांना भिंतीला उभं करायच्या आणि जमिनीपासून एक मीटरवर खडूची रेघ मारायच्या. पहिलीतून बोलावलेल्या पोराच्या ती हनुवटीशी यायची, चौथीतल्याच्या छातीशी. मग त्या पोरांना सांगायच्या, "बघ रे, मीटर तिथंच आहे. तू वाढतोयस." पुढचा धडा, घरातला लिटर शोधून आणायचा. आईच्या कोणत्या भांड्यात लिटरच्या पिशवीतलं दूध बरोबर काठापर्यंत येतं, ते भांडं वर्गात घेऊन यायचं. त्या दिवशी वर्गात तांबे, पातेली, डबे यांची जत्रा भरायची, आणि संध्याकाळी चार आया शाळेच्या फाटकाशी आपापली भांडी शोधत यायच्या.

एकदा एक रिक्षावाला भर रस्त्यात रिक्षा उभी करून त्यांच्या पाया पडला. उठून त्यांच्यासमोर पंजा पसरून म्हणाला, "बाई, वीत आता बावीस सेंटिमीटर आहे. तुमच्या वर्गात चौदा होती." मागे गाड्यांची रांग लागली होती आणि बाई त्याची वीत तपासत होत्या.

हे सगळं मी आता कौतुकानं लिहितो आहे. तेव्हा मी बाईंना टाळायचो. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. केसापेक्षा बारीक फरक मोजणं हे माझं पोटापाण्याचं काम. हे कळल्यावर बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "मग केस किती जाड असतो हो?" मी म्हणालो, ते केसावर अवलंबून असतं. "अंदाज तरी?" मला कंपनीची बस गाठायची होती. नंतर त्या समोरून येताना दिसल्या की मी रस्ता ओलांडायचो. त्यांनी ते पाहिलं नसेल अशी माझी समजूत होती. ज्या बाईंना कोबीतले वीस ग्रॅम चुकलेले सहन होत नाहीत, त्यांना रस्ता ओलांडणारा अख्खा माणूस दिसला नसेल, असं मी कसं मानलं कोण जाणे.

मग आबा आले.

आबा म्हणजे माझे वडील. सटाण्याच्या बाजूला आमची थोडी शेती आहे, तिथे ते आईमागे एकटेच राहत होते. एका पहाटे त्यांना श्वास घेता येईना. गावच्या माणसांनी जीपमध्ये घालून नाशिकला आणलं. हृदय कमजोर झालं आहे, अंगात पाणी साठतं आणि ते फुप्फुसात चढतं, असं डॉक्टर म्हणाले. ते दिवस सरले आणि आबा घरी आले ते एका कागदासह. दिवसाला सव्वा लिटर, सगळं धरून. मीठ अगदी कमी. रोज सकाळी उठल्यावर वजन. पायाला सूज येते का बघायचं. आणि निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पुन्हा असं पाणी चढलं तर या वेळेसारखं सोपं जाणार नाही."

या वेळेसारखं सोपं. मी ती रात्र अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर काढली होती. मला काही ते सोपं वाटलं नव्हतं.

मी माझ्या पद्धतीनं बंदोबस्त केला. एक लिटरची बाटली आणि वर एक पाव लिटरची. बाटलीवर पेनानं रेघा ओढल्या. सकाळी इथपर्यंत, दुपारी इथपर्यंत, संध्याकाळी इथपर्यंत. आबांना समोर बसवून समजावलं. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "म्हणजे तांबे किती?"

"तांबे नाही आबा. मिलीलिटर."

"ते मला काय कळत नाय. तू तांब्यात सांग."

मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. ऐकू कमी येत नसलेल्या माणसाशी आपण मोठ्यानं का बोलतो, हे मला आजही कळलेलं नाही. नेमकं त्याच वेळी उघड्या दारात बाई उभ्या होत्या. हातात पोह्यांचा डबा होता. आबांची विचारपूस करायला आल्या होत्या. त्यांनी बाटलीवरच्या माझ्या रेघा पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि आबांसमोरच्या खुर्चीवर बसल्या.

"आबा, शेतात काय असतं?"

"कांदा. थोडी बाजरी."

"फवारणीचा पंप किती लिटरचा?"

"पंधरा."

"त्यात औषध किती टाकता?"

"तीस मिली." आबांनी विचारसुद्धा केला नाही. "करप्याचं असलं तर. टोपणानं मोजतो, भरून एक. बाटलीच्या टोपणावर रेघा असतात."

"आणि दूध?"

"डेअरीला लिटरात घालतो."

"कांदा?"

"क्विंटलात."

"मग पाणी?"

आबा हसले. "पानी कोन मोजतं बाई? पानी तहानेनं पेतात."

बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "यांना सगळं येतं. फक्त ते पिकासाठी आहे, असं त्यांना वाटतं. आता पीक तेच आहेत." मग त्यांनी माझ्या बायकोकडून घरातली भांडी मागवली. फुलपात्र, चहाचा कप, आमटीची वाटी, आबांचा गावाहून आणलेला तांब्या. प्रत्येक भांडं आबांच्या हातात द्यायच्या. "किती असेल? आधी बोला, मग मोजू." आबा फुलपात्राला म्हणाले, "पाच टोपणं." मोजलं तर दीडशे मिली, म्हणजे अगदी बरोबर. वाटीला चुकले, कपाला थोडक्यात चुकले. तांब्या मात्र त्यांनी हातात फिरवला, आत पाहिलं आणि म्हणाले, "लिटरला चार टोपणं कमी." मोजलं तर तेवढंच भरलं. आबा गादीवर सरळ होऊन बसले. दवाखान्यातून आल्यापासून ते पहिल्यांदाच असे बसले होते.

त्या दिवसापासून बाई रोज सकाळी यायच्या. मी बससाठी निघायच्या आधी त्यांचं सगळं सुरू झालेलं असायचं. शिवणकामाची टेप घेऊन आबांचा घोटा मोजायच्या. "आज चोवीस सेंटिमीटर. काल साडेतेवीस होता. बोला, का वाढला?" आबा म्हणायचे, "रात्री पाय लोंबकळत ठेवला." मग काटा. त्यावर चढताना आबा कांद्याच्या गोणीसारखे दोन्ही हात अंगाला चिकटवून उभे राहायचे, म्हणजे काही बाहेर सांडायला नको.

मीठ तर आबा मुठीनंच मोजत आले होते. बाईंनी त्यांच्याकडून ताटात चिमूटभर मीठ टाकून घेतलं आणि ते घरच्या छोट्या काट्यावर ठेवलं. काटा हललाच नाही. "इतकं हलकं?" आबा म्हणाले. बाईंनी आणखी चिमटी टाकायला लावल्या, एक ग्रॅम दिसेपर्यंत. मग म्हणाल्या, "कांद्याचा माणूस तुम्ही. क्विंटलच्या खाली उतरायची सवय नाही. हळूहळू उतरू."

एक गोष्ट मात्र त्यांनी शिकवली ती मी कधीच विसरणार नाही. रिकामं पातेलं काट्यावर ठेवलं, काटा शून्यावर आणला आणि मापानं एक लिटर पाणी ओतलं. काटा बरोबर एक किलोवर थांबला. "लिटरभर पाणी, किलोभर वजन," बाई म्हणाल्या. "आता तुमचं वजन दोन दिवसांत किलोनं वाढलं, तर ते काय असेल? एवढ्यात अंगावर मांस चढतं का?"

आबांनी वाकून काटा पाहिला. "ओला माल," ते म्हणाले. "बाजार समितीत ओला कांदा आणला की व्यापारी वजन कापतो. ओला माल काट्यावर खोटं बोलतो."

"अगदी तेच," बाई म्हणाल्या. "तुमचा माल ओला होऊ द्यायचा नाही."

मी रोज मायक्रॉनमध्ये जगणारा माणूस. पण माझ्या वडिलांच्या पायात साठलेलं पाणी आणि सटाण्याच्या काट्यावरची ओली गोणी यांची गाठ मला कधी दिसली नव्हती. मला ती दिसायला हवी होती, असं अजूनही वाटतं.

काही आठवडे चांगले गेले. आबांचा श्वास मोकळा झाला, संध्याकाळी काठी घेऊन ते गल्लीत फेरी मारायला लागले. मग वजन वाढायला लागलं. आधी थोडं, मग रोज. घोटा पंचवीसवर गेला. रात्री आबा दोन उशा घेऊनसुद्धा नीट झोपेनात. लघवीची गोळी चालू होती, बाटलीतलं पाणी रेघेला रेघ जुळत होतं, ताटातली आमटी, चहा, ताक सगळं माझी बायको मोजून देत होती. आणि तरी वजन दीड किलोनं वर.

डॉक्टरांचं ते वाक्य माझ्या कानात होतं. मी घाबरलो होतो आणि घाबरलेला माणूस शहाणा नसतो. मी आबांना विचारलं, "रात्री उठून पाणी पिता का?" ते नाही म्हणाले. मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी काठी भिंतीला टेकवली. आबा चिडले की अहिराणीत बोलतात. "तू माले चोर समजस का?"

मी बाटली उचलून रेघ पुन्हा तपासली. तेच उत्तर झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी काटा पाहिला. त्यांनी कोण काय प्यालं असं विचारलंच नाही. आपल्याशीच म्हणाल्या, "दीड किलो आला म्हणजे दीड लिटर कुठून तरी आला. घरातून आलेला नाही. मग बाहेरून आला." मग आबांना म्हणाल्या, "आज संध्याकाळी मी येते तुमच्याबरोबर फेरीला. माझे गुडघे तुमच्यापेक्षा हळू आहेत, सांभाळून घ्या."

त्या फेरीचं वर्णन मला बाईंनी केलं. पहिला थांबा पिठाची गिरणी. आबा ओट्यावर टेकले. गिरणीवाल्यानं आतून पेलाभर पाणी आणून दिलं. आबांनी अर्धा पेला प्यायला, मिशा पुसल्या, पिकापाण्याचं विचारलं. दुसरा थांबा देवळाली कॅम्पातून निवृत्त झालेल्या सुभेदारांचं घर. त्यांच्या सुनेनं तांब्या-भांडं पुढं ठेवलं. पुन्हा अर्धं भांडं. मग इस्त्रीवाल्याची टपरी, मग मारुतीच्या देवळाचा पुजारी, मग येताना एका ओळखीच्या वहिनींचं दार. ऊन-पावसातून आलेल्या माणसाच्या हातात आधी पाणी द्यायचं, आणि दिलेल्याला नाही म्हणायचं नाही. आमच्याकडे ही रीतच आहे. तुमच्याकडेही असेल. बोलणं त्यानंतर सुरू होतं.

बाईंनी परत आल्यावर त्यांना विचारलं, "आबा, ते पाणी तुम्ही आम्हाला सांगितलं नाही."

आबांना खरोखरच आश्चर्य वाटलं. "बाई, ते पानी कुठं व्हतं? तो तर लोकांचा मान. दुसऱ्यानं दिलेलं मोजत नसतात."

ते खोटं बोलत नव्हते. बाटलीतलं पाणी हे पाणी होतं, आमटीतलं पाणी बाईंनी शिकवल्यावर पाणी झालं होतं. पण कुणी हातात आणून दिलेला पेला हा त्यांच्या हिशेबातच नव्हता. साऱ्या आयुष्यात त्यांनी ते कधी मोजलं नव्हतं, आणि मोजणारा माणूस त्यांनी हलका मानला असता.

मी लगेच तोडगा काढला. उद्या सगळ्या घरी जाऊन सांगतो, आबांना पाणी देऊ नका, त्यांना हृदयाचा त्रास आहे. नाहीतर आबांनी फेरी बंद करायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते घराबाहेर पडलेच नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. "उठायचं नाही का आबा?" माझ्या बायकोनं विचारलं. "कुठं जाऊ?" ते म्हणाले. "दारात गेलो की लोक पानी लपवतील. म्हाताऱ्याला पानी देऊ नका म्हनून सांगत फिरला ना हा."

मी अजून कुणालाही सांगितलं नव्हतं. पण ठरवलं होतं, आणि त्यांच्या दृष्टीनं ते झाल्यातच जमा होतं.

बाई आल्या. त्यांनी माझ्याशी काही वाद घातला नाही. आबांच्या उशाशी बसल्या आणि एका गोष्टीचा खुलासा मागावा तसं त्यांनी विचारलं, "आबा, एक सांगा. मान कशात असतो? पेल्यात की घोटात?"

आबा वळले नाहीत. भिंतीलाच म्हणाले, "घोटात. ओठाला लागलं की मान राहिला. पेला रिकामा करायचा काय नेम नसतो."

"मग तुमचा घोट केवढा आहे ते मला बघू द्या."

आता आबा वळले. "घोट मोजतात का?"

"चौथीच्या पोरांचा मोजला आहे मी. तुमचा राहिला होता."

त्यांनी मापाच्या भांड्यात दोनशे मिली पाणी भरलं. आबा उठून बसले, अगदी जपून ओठ लावला, आणि भांडं परत दिलं. बाईंनी रेघ पाहिली. "पंधरा मिली. हा परीक्षेतला घोट झाला आबा. सुभेदारांच्या घरी घेता तो घ्या." माझी बायको हसली. आबाही हसले आणि मग त्यांनी खरा घोट घेतला. पस्तीस मिली. पुन्हा एकदा, पडताळा म्हणून. पस्तीस.

"पाच घरं," बाई म्हणाल्या, "पाच घोट. किती? आधी बोला."

आबांनी बोटांवर हिशेब केला. "सहा टोपणं. थोडं कमी."

"ते घरच्या बाटलीतून वजा करायचं. सकाळीच काढून ठेवायचं, लोकांच्या मानासाठी. कुणाला काही सांगायचं नाही. चालेल?"

आबा उठले, टोपी घातली आणि काठी शोधायला लागले.

पुढच्या आठवड्यात काटा खाली आला. घोटा साडेतेवीसवर उतरला, उशी एकच पुरायला लागली. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी छाती तपासून विचारलं, "काय केलंत?" मी म्हणालो, "पाणी नीट मोजलं." आबांनी माझ्याकडे बघितलं.

परत आल्यावर मी बाईंच्या घरी गेलो. इतकी वर्षं शेजारी राहून मी त्यांच्या उंबऱ्याच्या आत पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं. रस्ता ओलांडल्याचंही बोलणार होतो. पण तोंडातून एवढंच आलं, "बाई, तुमचे फार उपकार आहेत."

त्यांनी रिकामा तळहात पुढे केला, खालीवर केला आणि डोळे बारीक केले. "फार नाहीत हो," त्या म्हणाल्या. "शंभर-दीडशे ग्रॅम." आणि माझ्यापुढे पोह्यांची बशी ठेवली. मी ते पोहे सगळे खाल्ले. कोरडेच होते.

त्यानंतर बरेच दिवस बाई आणि आबा रोज संध्याकाळी मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर बसायचे. समोरच्या झाडाची उंची, देवळाच्या घंटेचं वजन, कळशीत पाणी किती, असल्या पैजा लावायचे. घंटेबद्दल पुजाऱ्यानं दोघांनाही ताकीद दिली होती. आबा बाईंना गुरूच्या ठिकाणी मानत, आणि तरी त्यांना खिजवायचे. "बाई, तुमच्या पोह्यात पानी किती मिली टाकता? जरा वाढवा." बाई म्हणायच्या, "तुमच्या वाट्यातलं देऊ का?"

मग बाईंचे गुडघे अगदीच गेले. पायरी चढवेना, बाजार तर दूरच. मुलगी पुण्याहून आली आणि तिनं ठरवून टाकलं. घर भाड्यानं द्यायचं, आईला घेऊन जायचं. बाईंनी विरोध केला नाही. जाताना काय काय न्यायचं यावर मात्र मायलेकींचे रोज खटके उडायचे.

निघायच्या दिवशी दुपारी मी आबांना घेऊन गेलो. टेम्पो भरून पुढे निघून गेला होता. घरात फरशीवर फर्निचरच्या जागी फिकट चौकोन उमटले होते. मुलगी बाहेर गाडीत सामान लावत होती. बसायला काही नव्हतं, म्हणून आबा पायरीवर टेकले. बाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. इतके दिवस झाडं आणि घंटा मोजणाऱ्या दोघांना त्या वेळी मोजायला काही सापडत नव्हतं.

मग बाई लंगडत आत गेल्या. प्रवासासाठी पिशवीत ठेवलेली बाटली आणि एक स्टीलचा पेला घेऊन आल्या. पेला काठोकाठ भरला आणि आबांच्या पुढे धरला.

मी पुढे होणार होतो. बाईंचं ते पाणी किती, आबांचं सकाळपासून किती झालं, हे सगळं माझ्या डोक्यात आपोआप सुरू झालं होतं. पण बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, म्हणून मी थांबलो.

आबांनी दोन्ही हातांनी पेला घेतला. एक घोट घेतला, आणि थांबले नाहीत. सावकाश, मधे श्वास घेत, सगळा पेला प्यायले. बाई पाठ फिरवून खिडकीच्या कड्या तपासत होत्या. त्या सगळ्या आधीच लावलेल्या होत्या.

रिकामा पेला आबांनी पायरीवर ठेवला आणि मिशा पुसल्या. "येतो बाई," म्हणाले, जणू जाणार तेच होते.

"या आबा," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी माझ्या बायकोनं नेहमीसारखा चहा आणला. आबांनी कप बोटानं माझ्याकडे सरकवला. रात्री आमटीची वाटी ताटातून उचलून बाजूला ठेवली आणि कोरडी भाकरी नुसत्या भाजीबरोबर खाल्ली. बायको काळजीनं म्हणाली, "आबा, थोडं तरी घ्या."

"नको पोरी," आबा म्हणाले. "आजचं माझं झालं."